कोल्हापूरचे १५३ कसे झाले? कोडमधल्या बायनरी, ऑक्टल आणि हेक्सबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. निपाणीत काकांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. त्यांच्या बुकिंग ऑफिसांची यादी तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये केली आणि प्रत्येक गावापुढे एसटीडी कोड आकड्यात लिहिला. बेळगावचा ०८३१ छापला तर ८३१ आला, म्हणजे पुढचं शून्य तेवढं गळालं. कोल्हापूरचा ०२३१ मात्र १५३ झाला. तेच सीमध्ये लिहून बघितलं तर कोल्हापूर पुन्हा १५३ आणि बेळगावच्या ओळीवर कंपायलर अडला. कॉलेजात सर म्हणाले, हे ऑक्टल, परीक्षेपुरतं असतं. परीक्षेपुरतं असेल तर माझ्या यादीत कसं शिरलं, आणि बायनरी, ऑक्टल, हेक्स कामाच्या कोडमध्ये लिहायचं तरी कधी, असं तुम्ही विचारताय.

मी बेळगावात उद्यमबागेत मशीनचे कंट्रोल बोर्ड आणि त्यांचं सॉफ्टवेअर करतो. या तिन्ही पद्धती माझ्या रोजच्या वापरात आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. बायनरी म्हणजे पाया २ (अंक ० आणि १), ऑक्टल म्हणजे पाया ८ आणि हेक्स म्हणजे पाया १६, त्यात नवाच्या पुढे ए ते एफ ही अक्षरं अंक म्हणून येतात. लिहिण्याची एक खूण आधी सांगून ठेवतो: खाली '०एक्स' म्हटलं की शून्य आणि पुढे एक्स हे इंग्रजी अक्षर, '०बी' म्हणजे शून्य आणि बी, '०ओ' म्हणजे शून्य आणि ओ. प्रत्यक्ष कोडमध्ये हे सगळं इंग्रजी अंकांत आणि अक्षरांतच टाइप करायचं.

तुमच्या यादीचं आधी बघू. सीमध्ये शून्यानं सुरू होणारा पूर्णांक ऑक्टल समजला जातो, म्हणजे पाया ८. ०२३१ म्हणजे दोन चौसष्ट, तीन आठ आणि एक: १२८ + २४ + १ = १५३. ऑक्टलमध्ये अंक ० ते ७ एवढेच. ०८३१ मध्ये ८ आहे, म्हणून जीसीसी हा सीचा कंपायलर सरळ सांगतो की ऑक्टल संख्येत हा अंक चालत नाही. सीचं वागणं कडक आहे पण सरळ आहे. जुन्या पद्धतीचं जावास्क्रिप्ट मात्र इथे जरुरीपेक्षा जास्त समजूतदारपणा दाखवतं. पुढे शून्य आहे आणि सगळे अंक ७ च्या आतले आहेत, तर ऑक्टल. एखादा ८ किंवा ९ दिसला, तर 'याला साधी दशमान संख्याच म्हणायची असेल' असं स्वतःच ठरवून पुढे जातं. त्यामुळे ०१७ चे १५ होतात आणि ०१८ चे १८.

आता आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कर्नाटकातले एसटीडी कोड ०८ नं सुरू होतात: बेळगाव ०८३१, हुबळी-धारवाड ०८३६, बेंगळुरू ०८०. त्या ८ मुळे ते सगळे वाचतात. पलीकडे पश्चिम महाराष्ट्रात सुरुवात ०२ नं. कोल्हापूर ०२३१ चे १५३, सांगली ०२३३ चे १५५, सोलापूर ०२१७ चे १४३, पुणे ०२० चे १६. गोवा ०८३२ असल्यामुळे पुन्हा सुखरूप. म्हणजे तुमची यादी राज्याच्या हद्दीवर बरोब्बर दुभंगली. नुसती कर्नाटकातली ऑफिसं असती, तर हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आला नसता.

उपाय सोपा आहे: एसटीडी कोड अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) म्हणून लिहा. माझी कसोटी अशी, की ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ती कोडच्या दृष्टीनं संख्याच नाही. दोन एसटीडी कोडांची बेरीज कुणाला हवी असते? पिनकोड, मोबाइल नंबर, बँक खातं, गाडीचा नंबर, मालाच्या पावतीचा नंबर, सगळं स्ट्रिंग. दुसरी गोष्ट, जावास्क्रिप्टच्या फाइलला 'यूझ स्ट्रिक्ट' लावा. स्ट्रिक्ट मोडमध्ये पुढे शून्य लावलेली संख्या, मग ती ०२३१ असो की ०८३१, चूक म्हणून अडवली जाते. मॉड्यूल म्हणून लिहिलेल्या फाइलला हा मोड आपोआप लागू असतो.

हीच भानगड यामल फाइलीत, म्हणजे सेटिंग्ज वगैरे लिहून ठेवायच्या मजकुराच्या फाइलीत, भेटते, आणि तिथे ती जास्त फसवी आहे. ती वाचणारी पायथॉनची पायवायएमएल ही लायब्ररी यामलच्या १.१ आवृत्तीचे नियम पाळते. त्यात कोल्हापूरचा ०२३१ वाचताना १५३ ही संख्या होते आणि बेळगावचा ०८३१ कुठल्याच संख्येच्या साच्यात बसत नाही म्हणून स्ट्रिंग राहतो. एकाच रकान्यात अर्ध्या संख्या, अर्ध्या स्ट्रिंग. अशा फाइलीतही अवतरणचिन्हं घाला.

पुढचं शून्य म्हणजे ऑक्टल, हे ठरवलं कुणी? केन थॉम्पसन यांच्या बी भाषेतून ते सीमध्ये आलं आणि सीमधून सगळीकडे पसरलं. त्या काळात ऑक्टलला अर्थ होता. १९६९ मध्ये युनिक्स ज्या पीडीपी-७ वर सुरू झालं, त्या मशीनचा वर्ड, म्हणजे ते एका वेळी हाताळायचं तेवढा तुकडा, १८ बिटांचा होता (एक बिट म्हणजे एक ० किंवा १). पीडीपी-८ चा १२, पीडीपी-१० चा ३६. या सगळ्यांना ३ नं भाग जातो आणि ऑक्टलचा एक अंक म्हणजे तीन बिट, तेव्हा वर्ड नेमका अंकांत बसायचा. दुसऱ्या बाजूला आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टिम/३६० आणली ती ८ बिटांच्या बाइटची. आठाला तिनानं भाग जात नाही, चारानं जातो. हेक्सचा एक अंक चार बिटांचा, दोन अंकांत एक बाइट. पुढे सगळं जग ८, १६, ३२, ६४ बिटांवर गेलं आणि हेक्स जिंकलं. ऑक्टलची गरज संपली, तरी ते शून्य भाषांच्या व्याकरणात राहून गेलं.

आज कुठल्या भाषेत काय चालतं, हे भाषेवर अवलंबून आहे. सी, सी++ आणि जावात पुढचं शून्य अजूनही ऑक्टल, जावात तर ऑक्टलला दुसरी खूणच नाही. पायथॉन ३ नं ही पद्धत काढून टाकली: ०७५५ लिहिलं तर चूक, ०ओ७५५ लिहा असं तोच सुचवतो. जावास्क्रिप्टमध्ये ०ओ आणि ०बी २०१५ पासून आहेत. गो भाषेत १.१३ आवृत्तीपासून (२०१९) ०ओ आणि ०बी आले, पण जुनं शून्यही चालू ठेवलंय. रस्ट आणि सी शार्प पुढच्या शून्याकडे दुर्लक्ष करतात, म्हणजे तिथे ०२३१ चे सरळ २३१. पीएचपीत ०ओ ८.१ पासून. हेक्सचं ०एक्स मात्र या सगळ्यांत सारखं. बायनरीचं ०बी जावात २०११ च्या ७ व्या आवृत्तीपासून आणि सी++ मध्ये २०१४ च्या मानकापासून आहे. सीच्या मानकात ते सी२३ मध्ये येऊन बसलं, पण जीसीसी त्याच्या बऱ्याच आधीपासून चालवून घेतो. म्हणून आर्डुइनोवर ०बी बिनधास्त लिहा. ०ओ लिहिताना ओ लहान लिपीतला घ्या. मोठा ओ काही भाषांत चालतो, पण वाचणाऱ्याला दोन शून्यं दिसतात.

आता दुसरा प्रश्न, कधी काय लिहायचं. ३१, ०एक्स१एफ, ०बी१११११ आणि सीमधलं ०३७ या चारही ठिकाणी मेमरीत एकच संख्या जाते. कोणत्या पायात लिहिली होती याची नोंद मशीन ठेवत नाही. आपल्या बाजारात दुकानाची पाटी कन्नडात असो की मराठीत, आत माल तोच असतो. पाटी गिऱ्हाइकासाठी असते आणि पाया कोड वाचणाऱ्यासाठी. म्हणून मी एकच प्रश्न विचारतो: या संख्येचे सांधे कुठे आहेत? ती सलग मोजलेली आहे, की तिच्यात वेगवेगळे तुकडे आहेत? तुकडे असतील तर किती बिटांचे?

सलग मोजलेलं असेल, तर दशमान. किती सेकंद थांबायचं, किती नग झाले, तापमान किती, बफरमध्ये किती ओळी मावतात. इथे ०एक्स६४ लिहून हुशारी दाखवणारी पोरं दर वर्षी भेटतात. शंभर लिहायचे असतील तर शंभर लिहा.

हेक्सचं माझ्या कामातलं खरं उदाहरण देतो. मोटर चालवणारे बरेच ड्राइव्ह सीआयए ४०२ नावाची प्रोफाइल, म्हणजे ठरलेली नियमावली, पाळतात. त्यांचा १६ बिटांचा स्टेटस वर्ड, म्हणजे ड्राइव्हची स्थिती सांगणारी संख्या, नेटवर्कवरून वाचता येतो. मोटर नीट चालू असताना स्क्रीनवर ५६७ दिसत होतं आणि बंद पडल्यावर ५३६. ऑपरेटरनं वहीत दोन्ही आकडे प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. त्यांत ३१ चा फरक आहे, आणि त्या ३१ ला काडीचाही अर्थ नाही. तेच हेक्समध्ये बघा: ०एक्स०२३७ चं ०एक्स०२१८ झालं. शेवटचा अंक ७ चा ८ झाला. ७ म्हणजे ०१११, ८ म्हणजे १०००. या प्रोफाइलमध्ये उजवीकडून बिट ० तयार, बिट १ चालू, बिट २ ऑपरेशन सुरू आणि बिट ३ फॉल्ट. म्हणजे पहिले तिन्ही गेले आणि फॉल्ट लागला. त्याच्या डावीकडे ३ चा १ झाला, ००११ चा ०००१, म्हणजे बिट ५ गेला, तो क्विक स्टॉपचा. बिट ४ जागेवर आहे, म्हणजे ड्राइव्हला पॉवर मिळतेय. वायरमनला खांबावर चढवायची गरज नाही, हे त्या एका अंकात कळलं. हेक्सच्या सोळा अंकांचे चार-चार बिट पाठ असतील, तर हे वाचायला कॅल्क्युलेटर लागत नाही. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून मी पाढ्यांसारखे ते पाठ करून घेतो.

हेक्सच्या दोन खोड्या मात्र माहीत हव्यात. जावात ३२ बिटांच्या इंटमध्ये आठ वेळा एफ लिहिलं, म्हणजे ०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ, तर किंमत उणे १ होते. तक्रार येत नाही. दशमानात मोठी संख्या लिहिली असती तर कंपायलरनं अडवलं असतं. जावास्क्रिप्टमध्ये बिटवाइज क्रिया (ऑरसारख्या, एकेका बिटावर चालणाऱ्या) ३२ बिट, चिन्हासह चालतात. ०एक्सएफएफ०००००० ला शून्याशी ऑर केलं की हातात उणे १,६७,७७,२१६ पडतात. रंगांचे कोड हाताळताना हे हटकून भेटतं.

बायनरी मी कमी लिहितो, पण जिथे लिहितो तिथे दुसरं काही चालत नाही. १६ बाय २ चा साधा एलसीडी घ्या. त्यात स्वतःची आठ अक्षरं बनवता येतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांचं. एका बोर्डावर मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं हवी होती, तेव्हा ही आठ घरं पुरवून पुरवून वापरावी लागली. आपला 'ग' असा होतो:

१११११
०१००१
०१००१
०१००१
११००१
००००१
००००१
०००००

वरची शिरोरेषा म्हणजे सगळे एक. उजवीकडचा काना, डावीकडची दांडी आणि तिचा पाय, सगळं कोडमध्येच दिसतं. प्रत्येक ओळीपुढे ०बी लावा, काम झालं. हेक्समध्ये हाच 'ग' १एफ, ०९, ०९, ०९, १९, ०१, ०१, ०० असा होतो. यात 'ग' शोधून दाखवा! ओळ पाच बिटांची आहे आणि पाचाला ना चारानं भाग जातो ना तिनानं, म्हणून हेक्स आणि ऑक्टल दोन्ही इथे उपरे. याउलट ३२ बिटांचा रजिस्टर बायनरीत लिहू नका. शून्यं मोजताना डोळा चुकतो. लिहावाच लागला, तर जावा, पायथॉन (३.६ पासून), रस्ट आणि गोमध्ये मधे अंडरस्कोर घालता येतो, सी++ मध्ये एकेरी अवतरणचिन्ह. चार-चारांचे गट पाडा.

एकच बिट सांगायचा असेल, तर मी ०एक्स२० सुद्धा लिहीत नाही. एक ला पाच घरं डावीकडे सरकवा, म्हणजे शिफ्टची दोन कोनी चिन्हं आणि पुढे ५, आणि त्याला नाव द्या. ड्राइव्हच्या पुस्तकात 'बिट ५' असंच छापलेलं असतं. कोडमध्येही ५ दिसला, की दोन्ही शेजारी ठेवून तपासता येतं.

राहिलं ऑक्टल. सर म्हणतात त्यात निम्मं तथ्य आहे, नव्या कामात ऑक्टल क्वचितच लागतं. तरी दोन ठिकाणी ते जिवंत आहे. पहिलं, लिनक्सच्या परवानग्या. मालक, गट आणि इतर यांना वाचणं, लिहिणं, चालवणं असे तीन-तीन बिट, म्हणजे सांधे तिनाचे. टर्मिनलवर परवानग्या बदलायला सीएचमॉड ७५५ लिहिलं तर ते ऑक्टलच धरलं जातं. तेच पायथॉनच्या ओएस.सीएचमॉडला नुसतं ७५५ दिलं तर ते दशमान ७५५, आणि त्याचं ऑक्टल १३६३. मालकाच्या वाट्याला ३ आला, म्हणजे लिहा, चालवा, पण वाचू नका. स्वतःची फाइल स्वतःला उघडत नाही आणि गटाला मात्र वाचता-लिहिता येते. पायथॉन काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ७५५ ही चांगली संख्या आहे. तिथे ०ओ७५५ च हवं.

दुसरं ठिकाण आपल्या कारखान्यांतलं. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेच्या पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरमध्ये) इनपुटचे पत्ते ऑक्टल असतात: एक्स० ते एक्स७, आणि त्यापुढे थेट एक्स१०. एक्स८, एक्स९ नाहीतच. सोळा इनपुट असतील तर शेवटचा एक्स१७. टॅगची यादी बनवणारी स्क्रिप्ट लिहिताना साधा लूप ० ते १५ फिरवला, की दोन पत्ते अस्तित्वात नसलेले आणि पुढचे सगळे सरकलेले. त्याच कंपनीच्या क्यू मालिकेत हे पत्ते हेक्समध्ये असतात. तेव्हा पीएलसीचं मॉडेल कळल्याशिवाय मी 'एक्स१०' म्हणजे कितवा इनपुट हे सांगत नाही. कुणी नववा म्हणेल, कुणी सतरावा, दोघंही आपापल्या मशीनवर बरोबर.

आणि न बोलावता येणारं ऑक्टल बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड शेलमध्ये, भेटतं. इथल्याच एका वर्कशॉपमध्ये उत्पादनाच्या नोंदी घेणारी स्क्रिप्ट रोज सकाळी आठला बंद पडायची आणि दहाला आपोआप सुरू व्हायची. सगळ्यांचा संशय लाइटवर, पहिल्या शिफ्टला लोड वाढतो म्हणून. स्क्रिप्ट डेट कमांडकडून तास घेऊन त्यावर हिशेब करत होती. ०१ ते ०७ ऑक्टलमध्येही तेच असतात म्हणून कुणाला कळत नव्हतं. ०८ आणि ०९ हे ऑक्टल नाहीत, तेव्हा बॅश चूक दाखवून थांबायचं. १० ला पुढे शून्यच नाही, गाडी रुळावर. संख्येच्या आधी '१०#' लावलं, की बॅश तिला दशमान धरतं. महिन्याच्या बाबतीत हाच दोष ऑगस्ट-सप्टेंबरात उगवतो, म्हणून जास्त छळतो.

आपल्या लोकांना लागू होणारी एक गोष्ट राहून जायला नको. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि कोडमध्ये देवनागरी १२ टाइप झालं, तर पायथॉन ते नाकारतो. पण वापरणाऱ्यानं फॉर्ममध्ये देवनागरी १२ भरलं आणि तुम्ही त्या स्ट्रिंगला इंट फंक्शनमधून काढलं, तर बारा मिळतात. कन्नड अंकांचंही तेच. इंटला दुसरा आकडा म्हणून पाया देता येतो: '१०१' आणि २ दिलं तर ५. जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला देवनागरी अंक कळत नाहीत, आणि पायाचा आकडा त्यालाही न चुकता द्यावा. जुन्या ब्राउझरांत पार्सइंटला '०८' दिलं की शून्य यायचं, कारण तोही पुढच्या शून्याला ऑक्टल समजायचा. नवे तसं करत नाहीत, तरी पुढे १० लिहायला काय जातं?

तुमच्या यादीत आधीच साठलेल्या नोंदी दुरुस्त करायच्या असतील, तर १५३ ला टूस्ट्रिंगमध्ये ८ देऊन परत ऑक्टल करा, २३१ मिळेल, पुढे शून्य लावा. हे सरसकट सगळ्या नोंदींवर चालवू नका. ८३१ हा आधीच दशमान आहे, त्याला ऑक्टल केलं तर १४७७ होईल. 'आकड्यात ८ किंवा ९ असेल तर सोडून द्या' हा नियमही पुरत नाही: रत्नागिरीचा ०२३५२ बिघडून १२५८ झालेला असतो आणि त्यात ८ आहे. गावाचं नाव शेजारी आहेच, तर नावावरून कोड पुन्हा भरणं सगळ्यात खात्रीचं. यादी शे-दीडशे ओळींची असेल तर काकांच्या ऑफिसातल्या वहीवरून हातानं भरा, स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा ते लवकर होईल.